छताला कठडा



गेल्या नाताळच्या आधीची गोष्ट. दरवर्षीप्रमाणे चर्चच्या दर्शनी भिंतीवर मोठा तारा बांधायचा होता. आपल्यातलाच एक तरुण शिडीने वर चढला. तो रोजीने रंगकाम करतो, म्हणून त्याला उंचीची सवय आहे असे आम्ही सर्वांनी धरून चाललो होतो. मी खाली शिडी धरून उभा होतो. दोर नव्हता, पट्टा नव्हता. कोणीतरी म्हणाले, "सांभाळून रे!" तो वरून म्हणाला, "काही होत नाही जी."

मी वर पाहत होतो, पण माझे लक्ष ताऱ्याकडे होते. "थोडा डावीकडे घे," असे मी त्याला दोनदा सांगितले. दुसऱ्यांदा तो वाकला आणि दवाने ओल्या झालेल्या कडेवरून त्याचा पाय घसरला. एका हाताने त्याने सज्जा धरला, दुसरा पाय शिडीवर टेकला आणि तो वाचला. खाली येऊन तो हसला. आम्हीही हसलो. चहा झाला. संध्याकाळी त्याची आई भेटली. तिला कोणीतरी सांगितले होते. ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, "तारा वाकडा राहिला असता तरी चाललं असतं जी."

त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या मनातून जात नाही. तो पडला असता, तर दोष कोणाचा?

आपल्या केळापूर तालुक्यात गगनचुंबी इमारती नाहीत. त्यामुळे उंचीवरचे काम म्हणजे मुंबई-नागपूरची गोष्ट, असे आपल्याला वाटते. पण थोडे आठवून पाहू या. पावसाळ्याच्या तोंडावर घराचे कवेलू फेरणारा माणूस उंचीवरच असतो. पांढरकवड्याच्या जिनिंगमध्ये गळक्या छतावर चढणारा मजूर, कापसाने भरलेल्या ट्रकवर उभा राहून दोर आवळणारा हमाल, विजेच्या खांबावरचा लाइनमन, बांबूच्या परांचीवरचा गवंडी आणि त्याच्या हातात घमेले देणारी बाई, रानडुकरांपासून पीक राखायला रात्रभर मचाणावर बसणारा शेतकरी, हे सगळे उंचीवरचे कामकरी आहेत. यांपैकी कोणी ना कोणी आपल्या घरातले आहे, किंवा आपण त्याला कामाला बोलावतो.

आणि उंची फार लागत नाही. दहा फुटांवरून सुटलेला माणूस पाऊण सेकंदात जमिनीवर येतो. तेव्हा त्याचा वेग ताशी सुमारे २८ किलोमीटर असतो. सावरायला वेळच मिळत नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने उंचीवरून पडण्याचा धोका असेल तेथे कुंपण किंवा दुसरी सोय करावी असे सांगितले होते.

असा अपघात झाला की आपण साधारणपणे तीनपैकी एक वाक्य बोलतो. "त्याचे नशीब." "देवाची इच्छा." किंवा "त्याचीच चूक." या तिन्ही वाक्यांनी आपण मोकळे होतो. म्हणून ती जरा तपासून पाहिली पाहिजेत.

प्रथम नशीब. १ ऑगस्ट २०२३ रोजी शहापूरजवळ समृद्धी महामार्गाच्या पुलाचे काम चालू असताना गर्डर बसवण्याचे अवजड यंत्र कोसळले आणि २० जण मरण पावले. पुढच्याच महिन्यात, १० सप्टेंबरला, ठाण्यात बाळकुम येथे चाळीस मजली इमारतीच्या छतावरचे काम संपवून खाली उतरणाऱ्या मजुरांची लिफ्ट कोसळली. त्यात सात जण गेले. दिवसभर उंचावर राबून ही माणसे घरी जायला निघाली होती. प्रभू येशूच्या काळीही अशी एक घटना घडली होती. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली होती. संत लूक यांच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात प्रभू लोकांना विचारतो, की ती माणसे जेरुसलेमातील इतरांपेक्षा अधिक पापी होती असे तुम्हांला वाटते काय? आणि नाही, असे उत्तर तो स्वतःच देतो. मेलेल्या माणसांचा हिशेब करू नका, स्वतःचे जीवन बदला, असा त्याचा रोख आहे. दुर्घटनेचे कारण मृताच्या कपाळावर शोधणे त्याला मान्य नाही.

दुसरे वाक्य, देवाची इच्छा. त्याचेच धाडसी रूप म्हणजे "देव सांभाळून घेईल." चर्चचे काम असले की हे वाक्य हमखास येते. मीही त्या दिवशी मनात तेच म्हटले होते. पण सैतानाने प्रभूला मंदिराच्या उंच शिखरावर नेले तेव्हा त्याने नेमके हेच सांगितले होते. खाली उडी टाक, देवदूत तुला हातांवर झेलतील! त्यासाठी त्याने पवित्र शास्त्राचाच आधार दिला होता. प्रभूने उडी घेतली नाही. देवाची परीक्षा पाहू नये, असे त्याने उत्तर दिले. विश्वास म्हणजे काळजी सोडून देणे नव्हे, हे यापेक्षा स्पष्टपणे कसे सांगणार? पट्टा न बांधता चढणारा आणि त्याला तसा चढू देणारा, दोघेही त्या शिखरावर उभे असतात.

तिसरे वाक्य अधिक अवघड आहे, कारण त्यात काही प्रमाणात सत्य आहे. पट्टा दिला तरी पुष्कळ कामगार तो बांधत नाहीत. "त्यानं काम अडते," असे ते म्हणतात. बरोबरचे हसतील याचीही भीती असते. अशा भावांना प्रेमाने सांगावेसे वाटते, की बाबा रे, तुझा जीव तुझ्या एकट्याचा नाही. तो देवाने दिला आहे आणि तुझ्या लेकरांचे पोट त्यावर आहे. सवय झाली म्हणून उंची कमी होत नाही, भीती तेवढी कमी होते.

पण दोष दोघांचा असला तरी तो सारखा नसतो. ज्याच्या घरी आज चूल पेटायची तर आजचीच रोजी हवी, त्याला आपण विचारतो, "चढशील ना?" तो "हो" म्हणतो. त्या "हो"मध्ये त्याची मर्जी किती आणि गरज किती? त्याने "नाही" म्हटले तर दुसरा मजूर येईल, आणि पुढच्या वेळी आपण यालाच बोलावणार नाही. नकाराची किंमत ज्याला परवडत नाही, त्याच्या होकारामागे आपण लपू नये. पट्ट्याचेही तसेच आहे. पट्टा हातात दिला, पण त्याचा दोर अडकवायला मजबूत जागाच नसेल, तर तो पट्टा त्याच्या जिवासाठी नाही, आपल्याला पुढे दाखवता यावा यासाठी आहे.

जुन्या करारात याविषयी एक लहानसा नियम आहे. तो आपण क्वचितच वाचतो. अनुवादाच्या पुस्तकात, बाविसाव्या अध्यायाच्या आठव्या वचनात, नवे घर बांधणाऱ्याला आज्ञा आहे, की छताभोवती कठडा बांध, नाहीतर तेथून कोणी पडल्यास त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल. त्या देशातली घरे सपाट छताची होती. छतावर अंबाडीसारखे पीक वाळत घालत, प्रार्थनेलाही तेथे जात. आपण गच्चीवर मिरच्या आणि कुरड्या वाळत घालतो तसेच.

या नियमात तीन गोष्टी मला दिसतात. पहिली ही, की आज्ञा घराच्या मालकाला आहे, चढणाऱ्याला नाही. दुसरी ही, की कठडा आधी बांधायचा, कोणी पडण्याची वाट पाहायची नाही. आणि तिसरी सर्वांत महत्त्वाची. पडणारा सावध होता की बेसावध, शहाणा होता की उतावळा, हे तेथे विचारलेलेच नाही. माणसाकडून चूक होणार हे धरूनच कठडा बांधायचा असतो. ज्याच्या हातून कधी चूक होणार नाही, त्याला कठडा कशाला हवा?

ही गोष्ट किती खरी आहे याचे एक दूरचे उदाहरण सांगतो. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे १९३७ मध्ये गोल्डन गेट पूल पुरा झाला. बांधकामाच्या वेळी मुख्य अभियंता जोसेफ स्ट्रॉस यांनी पुलाखाली दोरांचे भले मोठे जाळे बांधून घेतले. त्या काळी हा खर्च अनेकांना वायफळ वाटला असेल. पण त्या जाळ्यात पडून १९ कामगार वाचले. ते १९ जण इतरांपेक्षा अधिक सावध नव्हते, कारण ते पडलेच होते. फरक एवढाच, की त्यांच्या खाली कोणीतरी आधीच जाळे बांधून ठेवले होते. पुढे त्याच वर्षी १७ फेब्रुवारीला परांचीचा जड सांगाडा जाळ्यावर कोसळला, जाळे फाटले आणि दहा जण मरण पावले. म्हणजे एक सोय केली की जबाबदारी संपली, असेही नाही.

आपल्या देशात बांधकाम कामगारांसाठी १९९६ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. आता त्याची जागा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षेच्या संहितेने घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. पण १९९६ च्या कायद्याला दहा किंवा अधिक कामगारांची अट होती. एकट्याने येऊन आपले कवेलू फेरून जाणाऱ्या माणसापर्यंत असे कायदे सहसा पोचत नाहीत. तेथे कायद्याचा माणूस नसतो, फक्त आपण असतो. म्हणूनच हा विवेकाचा प्रश्न आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ साली श्रमाविषयी लिहिलेल्या परिपत्रकात, कामाच्या जागी शरीराला अपाय होऊ नये हा कामगाराचा हक्क मानला आहे. हक्क म्हणजे आपण केलेला उपकार नव्हे.

मग आपण काय करायचे? फार मोठे काही नाही. शिडी लावताना ती चार फूट उंच टेकत असेल तर पाया भिंतीपासून एक फूट दूर असावा, आणि ती धरणाऱ्याने धरलेलीच ठेवावी. सिमेंटच्या पत्र्यावर थेट पाय देऊ देऊ नये. खालच्या कैच्यांवर टेकेल अशी फळी टाकून तीवरूनच चालावे. असा पत्रा वरून भक्कम दिसतो आणि एकदम फुटतो. जवळून विजेची तार जात असेल तर प्रवाह बंद झाल्याशिवाय कोणाला चढवू नये. कमरेच्या पट्ट्यापेक्षा खांदे व मांड्यांना धरणारा पूर्ण पट्टा घ्यावा, आणि कोणी त्यात लटकलाच तर त्याला काही मिनिटांत खाली कसे घ्यायचे हे आधी ठरवावे. एकट्याला वर पाठवू नये. मुलांना तर कधीच नाही. आणि वारा सुटला, पाऊस आला म्हणून काम थांबवावे लागले, तर त्या दिवसाची रोजी कापू नये. माझ्या मते यातली ही शेवटची गोष्ट सर्वांत अवघड आहे आणि सर्वांत जास्त जीव तीच वाचवील. कारण पुष्कळ वेळा माणूस ओल्या छतावर हिमतीने चढत नाही. अर्ध्या दिवसाची मजुरी बुडेल म्हणून चढतो.

आपल्या चर्चपासूनच सुरुवात करावी असे मला वाटते. एक चांगला पट्टा, एक मजबूत दोर आणि तो अडकवायला भिंतीत पक्का बसवलेला लोखंडी कडा, एवढी वस्तू येत्या नाताळच्या आत घेता येईल. त्याचा खर्च सजावटीच्या पैशांतून करावा. सजावट थोडी कमी झाली तर प्रभूला वाईट वाटणार नाही. तो स्वतः सुताराच्या घरात वाढला. हाताने काम करणाऱ्याच्या घरी संध्याकाळी कोणाची वाट पाहिली जाते, हे त्याला ठाऊक आहे.

हे प्रभो, आमच्या कामासाठी जे उंचावर चढतात त्यांना तू सुखरूप खाली आण. आणि खाली उभे असलेल्या आम्हांला, त्यांच्याकडे पाहण्याची बुद्धी दे. आमेन.