करगा

अल्लमप्रभूंच्या एका प्रसिद्ध वचनात देहाला बागेची आणि मनाला कुदळीची उपमा आलेली आहे. भ्रांतीची मुळे खणून टाकण्याचे काम प्रभुदेव तेथे सांगतात. या वचनावर निरूपण चालू असले म्हणजे कामक्रोधादी तण उपटावे, भक्तीचे बीज पेरावे असे सांगितले जाते आणि ऐकणारे आपण सारे मान डोलावतो. तण म्हणजे वाईट, आणि वाईट हे पाहताक्षणी ओळखू येते, असे आपण गृहीत धरलेले असते. ज्याने स्वतः खुरपे हातात धरले आहे त्याला मात्र पहिलीच शंका येते की, तण कोणते हे कुदळीने कसे ओळखावे?

आमचा बालाघाट जिल्हा धानाचा. वैनगंगेच्या काठचे येथील चिन्नोर तांदळाचे नाव सर्वदूर आहे. 2021 साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. या धानाच्या बांधीत एक तण उगवते, त्याला करगा म्हणतात. करगा म्हणजे रानधान. गवत, मोथा, दुधी ही तणे बाईमाणसाच्या हाताला अंधारातसुद्धा कळतात. करग्याचे तसे नाही. त्याचे पान धानासारखे, खोड धानासारखे, हिरवेपणाही तोच. निंदण करणारी कितीही जाणती असो, लोंबी निसवेपर्यंत धान कोणते व करगा कोणता हे तिला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. लोंबी आली, दाण्याला लांब कुसळ दिसले, की कळते. तोपर्यंत त्याने धानाचेच खत खाल्लेले असते, धानाचेच पाणी प्यालेले असते.

आणि त्याचा दाणा घरात येत नाही. धान कापणीला येण्याआधीच करग्याचे दाणे गळून मातीत पडतात. म्हणजे खाण्यासाठी काही नाही, पण पुढच्या वर्षाची पेरणी मात्र बिनबोभाट झालेली असते.

यावर आपल्याकडे पूर्वी एक युक्ती काढली होती. मध्यप्रांत होता त्या काळात जांभळ्या पानांचे धान पेरावयाचे, म्हणजे त्यात हिरवा करगा उठून दिसेल आणि उपटता येईल. युक्ती चांगली होती व काही वर्षे चाललीही. परंतु करगा आणि धान एकाच गोत्राचे, फुलोऱ्यात वाऱ्याने त्यांचा संकर होतो. जांभळा करगा शेतकऱ्याच्या हातून वाचू लागला, वाढू लागला आणि थोड्या वर्षांत करग्याचीच पाने जांभळी झाली! ज्या खुणेने त्याला ओळखावयाचे, तीच खूण त्याने अंगावर घेतली.

ही हकीकत मी प्रथम वाचली तेव्हा मला शेतीपेक्षा माझे घर आठवले.

आमचे आजोबा व्यापारासाठी लातूरकडून इकडे आले. 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ तिकडे गेला, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. पण दुकान होते तेथेच होते. मला शिकावयाचे होते. वडिलांनी दुकानाच्या गादीवर बसविले. त्यांनी सक्ती केली असे मला म्हणता येणार नाही. ते एवढेच म्हणाले, ‘‘बाळा, हेच आपलं कायक.’’ इष्टलिंगाची पूजा करून, कपाळी विभूती लावून ते हे बोलले होते. माझ्याने काय बोलवणार? पुढे माझ्या थोरल्या मुलाने जबलपूरच्या कृषी विद्यापीठात जाण्याचा हट्ट धरला तेव्हा मीही तेच वाक्य बोललो. माझ्या कपाळावरही विभूती होती. त्या वेळी मला वाटले की मी त्याला शरणांचा मार्ग दाखवीत आहे. वस्तुतः मला संध्याकाळी दुकानात एकटे बसण्याची भीती वाटत होती. हे कळावयाला मला वीस वर्षे लागली.

मोह हा षड्रिपूंपैकी एक, असे आपण बोटावर मोजतो. पण घरातला मोह कधी मोहाच्या नावाने येतो काय? तो मायेचे पान लेवून येतो. आई म्हणते, बाहेरचे अन्न तुला मानवत नाही. बाप म्हणतो, बाहेरचे जग वाईट आहे. धर्मनिष्ठ घरात तर तो आणखी एक पायरी चढतो आणि कायक, संस्कार, गुरुजनांची आज्ञा या शब्दांतच बोलू लागतो. हाच तो जांभळ्या पानांचा करगा. म. बसवेश्वरांनी कायकाला जन्माच्या बेडीतून सोडविले. बाराव्या शतकातील त्या कल्याणात कोणी कोणते काम करावे हे कुळावरून ठरविण्याला शरणांचा विरोध होता. आणि आम्ही त्यांचेच नाव घेऊन मुलाला बापाच्या गादीला बांधतो!

येथे गोग्गय्यांची कथा आठवावी. गोग्गय्या माळी. बागेत कष्ट करणे हेच त्यांचे जीवन. प्रभुदेव त्यांच्या बागेत आले, आणि बाहेरच्या बागेवरून बोलणे आतल्या बागेवर गेले. सोलापुरी सिद्धरामांकडेही प्रभुदेव असेच गेले होते. सिद्धरामांनी तलाव खोदला, देवालये उभारली, लोकोपयोगी कामे केली. तेथेही प्रभुदेवांनी कठोर शब्द वापरले. काही जणांना यात कामाची निंदा दिसते. मला तसे वाटत नाही. तलावाला त्यांची हरकत नव्हती. ‘मी खोदला’ यातल्या ‘मी’ला होती. बागवानाचे हेच दुखणे आहे. पाणी मी घातले, कुंपण मी केले, तेव्हा झाड माझे. श्रमातूनच हक्क उगवतो, आणि श्रम खरे असल्यामुळे हक्कही खरा वाटतो. आळशी बापापेक्षा कष्टाळू बापाच्या शेतात करगा जास्त माजतो, असे मी म्हटले तर रागावू नये.

मग ओळखावे कसे? शेतकऱ्याजवळ याचे एक उत्तर आहे, ते रोवणीचे. एका जागी पेरून सोडलेल्या धानात करगा फार. पऱ्हे उपटून ओळीने लावलेल्या बांधीत तो कमी. चिखलणीत उगवलेले सारे मोडते, आणि नंतर दोन ओळींच्या मध्ये जे उगवते ते आपण लावलेले नाही हे कळते. पऱ्ह्यांची जागा सुंदर दिसते, दाट, मऊ, पोपटी. एखाद्याला वाटेल की राहू द्यावे असेच. पण तीन-चार आठवडे उलटले की रोप तेथेच पेरे धरू लागते. मग उशिरा लावले तर फुटवे कमी. घर ही पऱ्ह्यांची जागा आहे, हे आम्ही विसरतो.

तरी रोवणी म्हणजे उपटून फेकणे नव्हे. पऱ्ह्यांत आधी पाणी भरतात, माती सैल होऊ देतात, बुडाशी मूठ धरून अलगद ओढतात, मुळे धुतात, पेंढ्या बांधतात आणि शक्यतो त्याच दिवशी लावतात. लावावयाची बांधी त्याआधी चिखलून तयार असते. ‘जा, तुझे तू बघ’ म्हणणारे बाप आजकाल स्वतःला पुढारलेले समजतात. त्यांनी कोरड्या जमिनीतून रोप ओढून मुळे तोडलेली असतात. शिवाय सगळ्यांना एकच नियम नाही. वांगी, मिरची हलवून लावतात. मुळा, गाजर कोणी हलवीत नाही, हलविले तर मूळ फाटे फोडते. एखादे लेकरू घरीच, गादीवरच वाढणारे असते. ते ओळखणे आले.

यंदा जूनमध्ये नात बारावी झाली. तिला नागपूरला शिकावयास जावयाचे होते. रात्री जेवताना माझा मुलगा तिला म्हणाला, ‘‘दुकान कोण बघेल? आपलं कायक आहे हे.’’ माझ्या हातातला घास तसाच राहिला. आवाज त्याचा होता, वाक्य माझ्या वडिलांचे. दाणा चाळीस वर्षांपूर्वी गळाला होता, आणि दुसऱ्यांदा उगवला होता.

सून माझ्याकडे पाहत होती. मुलगाही पाहू लागला. मी त्याला म्हणालो, ‘‘हे मी तुला सांगितलं होतं. तेव्हा मी खोटं बोललो होतो.’’ तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘‘अप्पा, हे आता सांगता?’’ आणि उठून हात धुवावयास गेला. यावर मजजवळ उत्तर नव्हते, आजही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो परसात आला. मी मिरचीच्या रोपांच्या वाफ्याला पाणी देत होतो. त्याने झारी माझ्या हातातून घेतली. ‘‘उद्या लावायची ना ही?’’ त्याने विचारले. ‘‘मग आज चांगलं भिजू द्या. आणि तिकडची माती कोणी खणली आहे का?’’

नव्हती खणलेली. आम्ही दोघे खणावयास गेलो.