अरण्यरक्षणाचा संकल्प

श्रीक्षेत्र भीमाशंकरी येणारा भाविक दर्शनाच्या ओढीने येतो. घाटमाथ्यावरचे दाट रान त्याला बहुधा वाटेवरची शोभा वाटते. वस्तुतः हे रान क्षेत्राचेच अंग आहे. त्रिपुरासुराच्या वधानंतर येथे विसावलेल्या श्रीशंकरांच्या घामातून भीमा प्रकट झाली, असे स्थलपुराण सांगते. भूगोल त्यात एवढीच भर घालतो की, सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळणारा पाऊस झाडांच्या मुळांनी आणि पालापाचोळ्याने अडवला नाही, तर तो खडकावरची पातळ माती घेऊन वाहून जातो आणि झरे लवकर आटतात. हीच भीमा पुढे पंढरपुरात चंद्रभागा होते. चंद्रभागेत स्नान करणाऱ्या वारकऱ्याने भीमाशंकरचे रान कधी पाहिले नसेल, तरी त्याचे ऋण त्याच्यावर आहेच.

१९८५ साली पुणे, ठाणे व रायगड या जिल्ह्यांतील मिळून सुमारे १३० चौरस किलोमीटर क्षेत्र वन्यजीव अभयारण्य म्हणून घोषित झाले. तेव्हापासून एक प्रश्न विचारला जातो आणि तो रास्त आहे. जे रान देवाच्या नावाने पिढ्यान्‌पिढ्या राखले गेले, त्याला कायद्याच्या कुंपणाची गरज काय?

सह्याद्रीतील देवरायांची परंपरा पुरातन आहे. देवाच्या राईतील झाड तोडायचे नाही, कित्येक ठिकाणी तर पडलेली फांदीही घरी न्यायची नाही, असा दंडक गावांनी पाळला. माधव गाडगीळ व वा. द. वर्तक या अभ्यासकांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातील अशा अनेक देवरायांची नोंद केली. आसपासचे डोंगर उघडे पडले असताना या राया उभ्या होत्या, हे श्रद्धेचे सामर्थ्य होय. ते कमी लेखण्याचे कारण नाही.

परंतु श्रद्धेलाही मर्यादा असतात. देवाचे भय त्या देवाला मानणाऱ्याला असते. दूरच्या शहरातून लाकडाचा हिशेब मांडणाऱ्या ठेकेदाराला ते कोठून असणार? दुसरी मर्यादा अधिक अवघड आहे. काही गावांत देवराई तोडली गेली ती देवासाठीच! जुने लहान देऊळ पाडून नवे मोठे बांधायचे, त्यासाठी पैसा हवा, म्हणून राईतील वृक्ष विकले गेले. तोडणाऱ्यांच्या मनात पाप नव्हते, उलट भक्तीच होती. वाईट हेतूपासून रान राखणे त्या मानाने सोपे. चांगल्या हेतूपासून ते कोण राखणार?

येथे व्रताची कल्पना उपयोगी पडते. मनुष्य संकल्प सोडतो तो मन स्थिर असताना. पुढे मोह होणार, सवड काढावीशी वाटणार, हे त्याला ठाऊक असते, म्हणूनच तो स्वतःला आधी बांधून घेतो. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा हे समाजाने स्वतःला घातलेले असेच बंधन आहे. २००२ च्या सुधारणेनंतर अभयारण्याची सीमा राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या शिफारशीवाचून बदलता येत नाही. एखाद्या वर्षीची निकड, एखाद्या अधिकाऱ्याची इच्छा किंवा एखाद्या दात्याचा उत्साह त्यासाठी पुरेसा नाही. ही दिरंगाई अनेकांना जाचक वाटते. पण व्रत जाचक वाटते ते नेमके मोहाच्या वेळी.

दात्यांच्या मनातील खंतही समजण्यासारखी आहे. रुंद रस्ता, मोठा वाहनतळ, आणखी एक निवास यांसाठी सढळ हाताने द्रव्य देण्याची तयारी असताना नियम आडवा यावा, याचे वाईट वाटणारच. दानाविषयी आपल्या परंपरेचा विचार मात्र स्पष्ट आहे : जे आपले आहे तेच देता येते. द्रव्य दात्याचे असते, रान त्याचे नसते. ते संस्थानचेही नाही, आणि आज हयात असलेल्या पिढीचेही संपूर्णतः नाही. मंदिराचा जीर्णोद्धार होऊ शकतो. नाना फडणविसांच्या काळातील शिखराचा दगड ढळला तर कुशल पाथरवट तो पुन्हा बसवील. रानाचा जीर्णोद्धार करणारा कारागीर नाही. एका जातीची हजार रोपे ओळीने लावली म्हणजे वन होत नाही. शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी झाडाच्या शेंड्यांवरूनच फिरतो, जमिनीवर क्वचित उतरतो. दोन वृक्षांच्या फांद्या एकमेकींना भिडेनाशा झाल्या की त्याची वाट तेथेच संपते.

या विचाराला एक आक्षेप आहे आणि तो टाळणे अन्यायाचे ठरेल. व्रत ज्याने घेतले त्याने उपास करावा. येथे संकल्प साऱ्या समाजाचा आणि उपास मात्र रानातल्या वाडीचा, असे घडले. महादेव कोळी समाजाची कुटुंबे या डोंगरांत पिढ्यान्‌पिढ्या राहतात, हिरडा गोळा करून चार पैसे मिळवतात. सीमा आखताना त्यांचा विचार पुरेसा झाला नाही. २००६ साली संसदेने वनहक्क कायदा संमत करून अशा समाजांवर ऐतिहासिक अन्याय झाल्याचे त्यातच नमूद केले. त्यामुळे संरक्षणाची गरज नाहीशी होत नाही. ज्यांनी रान राखले त्यांना त्यातून वगळू नये, एवढे निश्चित होते. शहरातून येणाऱ्या यात्रेकरूला मिळणारी मोकळीक वाडीवरच्या माणसाला मिळणाऱ्या मोकळिकीहून अधिक असेल, तर तो कायद्याच्या हेतूचा विपर्यास होय. श्रावणात गर्दीनंतर मागे उरणारा कचरा पाहिला की ही शंका बळावते.

रानाचे जे मोल यात्रेकरूच्या दृष्टीस पडते, ते अल्पच. पावसाळ्यात अंधाऱ्या रात्री या अरण्यात कुजणारे लाकूड मंद हिरवट प्रकाशाने उजळते. एक प्रकारची बुरशी त्या लाकडावर वाढते, तिचा तो प्रकाश. त्या वेळी बहुतेक भाविक आपापल्या गावी परतलेले असतात. ती बुरशी जगते ती खाली पडलेल्या, कोणी उचलून न नेलेल्या फांद्यांवर.