जुने घर की नवे?



मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात एका तरुण जोडप्याने आम्हांला विचारले, "घर घ्यायचे आहे. 35 वर्षांच्या सोसायटीतला फ्लॅट घ्यावा की नव्या टॉवरमधला?" आपल्या वसई परिसरात आज हा प्रश्न घरोघरी आहे.

जुन्या घरात खोल्या ऐसपैस, शेजार ओळखीचा. पण गळती आणि गंजलेल्या सळयांची काळजी. नव्यात लिफ्ट, पार्किंग. पण ताबा लांबला तर भाडे आणि हप्ता दोन्ही भरा. हा झाला पैशांचा हिशेब. खरा प्रश्न त्यापलीकडचा आहे.

26 ऑगस्ट 2025 च्या रात्री विरारमध्ये एका इमारतीचा भाग कोसळून 17 जणांचा बळी गेला. ती इमारत जुनाट नव्हती, 2012 च्या सुमाराची होती. पण अनधिकृत होती.

प्रभू येशूच्या दाखल्यातील दोन घरांपैकी जुने कोणते, नवे कोणते, हे सांगितलेले नाही. पाऊस येईपर्यंत दोन्ही सारखीच दिसत असतील. फरक होता पायात, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या भागात.

आपल्या व्यवहाराचा पायाही तपासायला हवा. घर विकताना आपण ओल आलेल्या भिंतीला रंग लावतो. घेताना स्वस्त मिळते म्हणून भोगवटा प्रमाणपत्र मागत नाही, "सगळेच राहतात ना!" म्हणून गप्प बसतो. ज्यांच्या तुटपुंज्या कमाईत तेवढेच घर बसले, त्यांना दोष देण्याचा आम्हांला अधिकार नाही. पण ज्यांना विचारणे शक्य आहे तेही विचारत नाहीत, म्हणूनच तशी घरे बांधली जातात आणि विकली जातात. लपवलेल्या दोषाची किंमत पुढे तिथे झोपणारी मुले मोजतात.

त्या जोडप्याला आम्ही एवढेच सुचवले: जुने घेणार असाल तर इमारतीच्या स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल पाहा, 30 वर्षांवरील इमारतींना ते बंधनकारक आहे. नवे घेणार असाल तर महारेराचा नोंदणी क्रमांक तपासा आणि भोगवटा प्रमाणपत्राशिवाय राहायला जाऊ नका. आणि उद्या तुम्ही ते घर विकाल, तेव्हा कुठे गळते हे घेणाऱ्याला आपणहून सांगा.

दोन-चार लाख कमी मिळतील; पण त्या घरात राहायला येणारे कुटुंब तुमच्या शब्दावर निर्धास्त झोपेल.