टोपणाची किंमत, निबेची किंमत

२०१२ सालाच्या अखेरीस शांघायच्या हिरो कंपनीने आपल्या पेनच्या कारखान्यातला ४९ टक्के हिस्सा विकायला काढला. मागितलेली किंमत होती २५ लाख युआन, म्हणजे तेव्हाच्या भावाने दोन कोटी रुपयांच्या थोडी वर. चीनच्या वर्तमानपत्रांनी लगेच हिशेब मांडला, की एवढ्या पैशात महागड्या माँब्लाँ कंपनीची जेमतेम काहीशे पेनं येतील. ज्या नावाने चीनच्या दोन-तीन पिढ्यांना लिहायला शिकवलं, त्या नावाचा निम्मा कारखाना विकून एका बड्या दुकानाच्या काचेच्या कपाटातला माल तेवढा विकत घेता आला असता.

बातमी चीनची असली तरी तिची झळ आपल्यालाही लागावी. सत्तर-ऐंशीच्या दशकांत मराठी मध्यमवर्गीय घरात ‘हिरो पेन’ ही जपून ठेवायची वस्तू होती. मॅट्रिकला चांगले मार्क पडले की मामा किंवा काका ते देत. बाणाच्या आकाराची क्लिप, चकचकीत धातूचं टोपण, जवळजवळ पूर्ण झाकलेली निब आणि आत दाबून शाई ओढणारी रबरी नळी. एरवी शाळेत आम्हा सगळ्यांच्या हाती ड्रॉपरने शाई भरायची देशी पेनं असत, आणि बोटं कायम निळी. हिरोवाल्याची बोटं मात्र स्वच्छ. तेव्हा ‘चिनी माल’ हे शब्द हिणवायला वापरले जात नव्हते, निदान पेनाच्या बाबतीत तरी नाही.

हा कारखाना १९३१ साली शांघायमध्ये दुसऱ्या नावाने सुरू झाला. त्या काळच्या शांघायमध्ये प्रतिष्ठेचं पेन म्हणजे अमेरिकेचं पार्कर. क्रांती झाली, परदेशी माल थांबला, पण मनातला पार्कर गेला नाही. १९५८ मध्ये माओच्या ‘मोठ्या झेपे’च्या धामधुमीत या कारखान्याने ‘पार्करला गाठा’ अशी घोषणाच दिली, आणि त्यातून हिरो १०० हे सोन्याच्या निबेचं पेन बाहेर आलं. आपल्याकडे आलेलं ६१६ हे त्याच घराण्यातलं स्वस्त भावंड. दोन्हींचा चेहरा एकाच पेनावरून घेतलेला होता, पार्कर ५१ वरून.

पार्कर ५१ बाजारात आलं १९४१ साली. किंमत होती साडेबारा डॉलर, आजच्या हिशेबात अडीचशे डॉलरच्या वर. लोकांनी ती दिली, आणि माझ्या मते ती रास्तही होती. पार्करने झटकन वाळणारी शाई बनवली होती. ती उघड्या निबेवरच वाळून बसायची, म्हणून निब टोपीत लपवावी लागली. मग त्या टोपीच्या आत बारीक पाकळ्यांचा एक भाग बसवला. हवा तापली किंवा हात गरम झाला की वाढलेली शाई त्या पाकळ्यांत थांबे, कागदावर टपकत नसे. प्लास्टिकही नवं होतं, शाईने न खराब होणारं. अडीचशे डॉलरमध्ये नुसता डौल नव्हता, एका अवघड प्रश्नाचं उत्तर होतं. पहिल्यांदा शोधून काढणाऱ्याने त्याचे पैसे मागावेत आणि आपण ते द्यावेत, यात काही चूक नाही.

आता पुढची गंमत पाहा. सुरुवातीच्या ५१ मध्ये शाई भरायची एक खास यंत्रणा होती. पेनच्या मागच्या टोकाचं टोपण काढायचं, आतला दट्ट्या पुन्हा पुन्हा दाबायचा, की नळीभर शाई आत यायची. बनवायला खर्चिक म्हणून १९४८ च्या सुमारास पार्करने ती सोडून दिली. सत्तर वर्षांनी ती परत आली चीनमध्ये. विंग संग ६०१ या पेनाला तसाच दट्ट्या आहे, झाकलेली निब आहे, आणि किंमत हजार-दीड हजार रुपयांच्या आसपास. २०२१ मध्ये खुद्द पार्करने ‘५१’ हे नाव पुन्हा बाजारात आणलं. त्यात शाई भरायला साधं काडतूस किंवा कन्व्हर्टर, आणि टोपण आटे फिरवून लावायचं. जुन्या ५१ चं टोपण नुसतं सरकवून बसायचं, त्या सहजतेवर तर त्याची ख्याती होती. नव्याची किंमत मात्र चिनी पेनाच्या कितीतरी पट.

दोन्ही पेनं शेजारी ठेवली की डोळ्यांत भरतं ते हे: नाव एकाकडे आहे, कल्पना दुसऱ्याकडे. पार्करच्या आजच्या मालकांनी नाव सांभाळलं आणि कसब सोडलं. चिनी कारखान्याने नाव सोडून कसबाचा तेवढा भाग उचलला. अशा वेळी नकलेला ‘नक्कल’ म्हणून झिडकारणं मला पटत नाही. जिचे हक्क केव्हाच संपलेत आणि जिच्या मूळ मालकाने तिला वाऱ्यावर सोडलंय, अशी रचना कोणी जिवंत ठेवली तर त्याने चोरी केली असं म्हणता येणार नाही.

पण हा युक्तिवाद सगळ्याच चिनी पेनांना लावता येत नाही. पायलट कंपनीचं टोपण नसलेलं, निब मागूनच आत-बाहेर करायचं कॅपलेस पेन १९६३ पासून चालू आहे. त्यात पुढच्या दाराशी एक इवलासा पडदा असतो, निब आत गेली की तो बंद होतो आणि निब वाळत नाही. पायलट आजही ते बनवते. मॅजॉन कंपनीचं ए१ त्याच बेतावर उभं आहे आणि किंमत मात्र कितीतरी कमी. जिनहाओचं ८२ पाहिलं की जपानच्या सेलर कंपनीचं प्रो गिअर आठवल्यावाचून राहत नाही. जिनहाओचंच जाडजूड १५९ पाहिलं की माँब्लाँ १४९. हे हयात कारागिरांच्या ताटातलं घेणं आहे, मग कायदा काहीही म्हणो. एखादी रचना मेलेली की जिवंत, हा फरक किंमत ठरवताना मी तरी पाहतो. स्वस्त किमतीतून जे वाचतं त्यातला काही भाग दुसऱ्याच्या संशोधनखात्यातून आलेला असतो, आणि त्याची पावती कुणालाच मिळत नाही.

तरीही चिनी पेनाच्या स्वस्ताईचं सगळं श्रेय नकलेला देणं चुकीचं ठरेल. चीनमध्ये मुलं तिसरी-चौथीपासून शाळेत शाईच्या पेनाने लिहितात. इतकी मोठी, इतकी नियमित मागणी क्वचितच कुठे असेल. एकदा प्लास्टिकचा साचा बनवला की त्याचा खर्च लाखो नगांवर पसरतो. च्यांगशी प्रांतात नानचांगजवळ वनकांग नावाचं गाव आहे. शेकडो वर्षं तिथे सुलेखनाचे कुंचले बनत आले, आणि आज तिथेच घरोघर, गल्लोगल्ली शाईची पेनंही बनतात. निब एकाकडे, क्लिप दुसऱ्याकडे, मुलामा तिसऱ्याकडे. वर जाहिरात नाही, दालन नाही, आणि बरीच वर्षं टपालाचा खर्चही नाममात्र. आपल्याकडे नोव्हेंबर २०२० मध्ये अलीएक्स्प्रेसवर बंदी आली, तरी दुकानदार आणि पुनर्विक्रेते यांच्यामार्फत ही पेनं येतच राहिली. जिनहाओचं एक्स७५० आजही काही शे रुपयांत मिळतं, आणि चांगलं लिहितं.

‘चांगलं लिहितं’ म्हणजे नेमकं काय, तेही सांगायला हवं. निब म्हणजे पातळ पत्रा, वाकवून गोल केलेला. टोकाशी अतिकठीण मिश्रधातूची बारीक गोळी जोडतात. मग मधोमध केसाएवढी फट कापतात आणि गोळीचे दोन अर्धगोल घासून घोटून गुळगुळीत करतात. कागदावर फिरते ती गोळी. तिच्यामागचा पत्रा सोन्याचा आहे की स्टीलचा, हे कागदाला कळत नाही. जुन्या आम्लधर्मी शायांनी लोखंडाची निब खाऊन टाकली असती, म्हणून सोनं आलं. उत्तम स्टील बनू लागल्यावर ते कारण उरलं नाही. सोन्याच्या काही निबांना एक सुखद लवचिकपणा असतो, हे मात्र खरं.

आता दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि स्वस्त पेनाची निब समोरून पाहा. पुष्कळदा दोन अर्धगोलांपैकी एक किंचित वर असतो. उभी रेघ ओढताना काही जाणवत नाही, पण हात उजवीकडे वर जाताना निब खरखरते, कागदात रुतते. वरच्या अर्ध्या भागाला अंगठ्याच्या नखाने हलकेच खाली दाबायचं, पुन्हा पाहायचं, पुन्हा दाबायचं. पाच-सात मिनिटांचं काम. दुसरा दोष जास्त दुष्ट. गोळी इतकी घोटलेली असते की फटीच्या आतल्या कडाही गोल होऊन जातात. मग शाई फटीत येऊन थांबते, कागदाला टेकत नाही, आणि प्रत्येक ओळीतलं पहिलं अक्षर अर्धवट उमटतं. हा दोष काढायला अतिबारीक कागदावर निब घासावी लागते, आणि एक घासटा जास्त झाला की निब गेली.

स्वस्त पेनाच्या किमतीतून वगळलेली गोष्ट नेमकी हीच आहे, ही पाच-सात मिनिटं. कारखान्यात प्रत्येक निब भिंगाखाली धरून, लिहून पाहून, सुधारून मगच बाहेर सोडायची, तर तीनशे रुपयांचं गणित कोसळतं. म्हणून तपासणीचं काम गिऱ्हाइकावर सोपवलेलं असतं. दहातली सात-आठ पेनं निघतात झकास, उरलेल्यांचं आपण पाहायचं. किंमत कमी, धोका आपला. हा सौदा ज्याला निब सुधारता येते त्याच्यासाठी उत्तम आहे. परीक्षेच्या आदल्या दिवशी पेन घेणाऱ्या मुलासाठी नाही.

उलट लाखभर रुपयांच्या पेनाने ती मिनिटं नक्की दिलेली असावीत, ही माझी साधी अपेक्षा. माँब्लाँचं १४९ हे १९५२ पासूनचं पेन, आणि त्याची निब खरोखर देखणी, हाताने तपासलेली असते. पण बाकीचा हिशेब करून पाहा. अंग ज्या ‘मौल्यवान रेझिन’चं, ते शेवटी उत्तम प्रतीचं प्लास्टिक. एवढ्या मोठ्या निबेतलं सोनं एखाद्या ग्रॅमच्या आसपास, तेही १८ कॅरटचं. उरलेली रक्कम दालनाचं भाडं, जाहिरात, दुकानदाराचा नफा आणि टोपणाच्या टोकावरची पांढरी चांदणी यांची. याच कंपनीने एके काळी शाळकरी मुलांसाठीही पेनं बनवली होती. ऐंशीच्या दशकात, डनहिलच्या मालकीखाली, स्वस्त पेनं बंद झाली आणि पेन हा दागिना ठरला. बॉलपेनने लिहिण्याची बाजारपेठ खाल्ल्यावर कंपनीला जगायचा दुसरा रस्ता दिसला नसेल, हे मी समजू शकतो. पण त्यामुळे शाईचं पेन लिहिणाऱ्यांच्या हातून सही करणाऱ्यांच्या हाती गेलं, याचं दुःख आहेच.

ते दुःख मला सर्वांत तीव्रपणे झालं ते २००९ साली. दांडीयात्रेच्या २४१ मैलांची आठवण म्हणून माँब्लाँने गांधीजींच्या नावाची २४१ पेनं काढली. निबेवर काठी घेतलेले गांधीजी, आणि एकेका पेनाची किंमत अकरा लाखांच्या वर. प्रकरण केरळ उच्च न्यायालयात गेलं आणि २०१० मध्ये देशातली विक्री थांबवावी लागली. ज्या माणसाने मिठावरच्या अन्याय्य कराचा कायदा पायी चालत जाऊन मोडला, त्याची चाल मोजून किंमत लावायची, हे मला आजही सहन होत नाही.

गांधींचा आणि पेनाचा खरा संबंध राजमहेंद्रीचा आहे. के. व्ही. रत्नम यांनी तिथे १९३२ च्या सुमारास स्वदेशी पेन बनवायला घेतलं. गांधीजींनी ते वापरलं आणि १९३५ मध्ये पत्र लिहून त्याची दखल घेतली. लेथवर एबोनाइटची, म्हणजे कडक रबराची, कांडी फिरवून हाताने पेन घडवणं आपल्याकडे त्यानंतर कधीच पूर्ण थांबलं नाही. दक्षिणेत अशी काही घरं अजून कामात आहेत. अशा पेनाची किंमत दोन-चार हजारांपासून सुरू होते, आणि त्यात एका माणसाचा अर्धा-एक दिवस सरळ मोजलेला असतो. बहुतेक जण त्यावर निब मात्र जर्मनीची बसवतात, योवो किंवा बॉकची. युरोपातले कितीतरी महागडे ब्रँडही त्याच दोन कारखान्यांच्या निबा वापरतात, वर स्वतःचं चिन्ह कोरून. याचा अर्थ लेखणीचा जो भाग खरोखर लिहितो, तो पाच हजारांच्या भारतीय पेनात आणि पन्नास हजारांच्या इटालियन पेनात एकाच यंत्रावरून आलेला असू शकतो.

जपानी कंपन्यांनी वेगळी वाट धरली, म्हणून त्यांचा उल्लेख टाळता येत नाही. माँब्लाँच्या निबेवर ४८१० हा ज्या शिखरावरून कंपनीचं नाव आलं त्याच्या उंचीचा मीटरमधला आकडा असतो, तर प्लॅटिनमच्या पेनाचं नावच ३७७६, फुजी पर्वताची उंची. पण याच प्लॅटिनमचं स्वस्तातलं प्रेपी घेतलंत तरी त्याच्या टोपणात शाई महिनोन् महिने न वाळू देणारी झडप असते. महागड्या पेनात आहे तोच विचार स्वस्तातही आहे. किंमत बदलली तरी लिहिणाऱ्याचा मान बदलला नाही.

आपल्याकडेही कानपूरचा कॅनराइट कारखाना स्वतःच्या निबा स्वतः बनवतो, आणि देशातल्या अनेक पेनवाल्यांना पुरवतो. त्यांच्यातही कधी खरखर निघते, भिंग लागतं, नख लागतं. तरी पुढचं पेन घेताना लाखाच्या चांदणीकडे किंवा तीनशेच्या नकलेकडे वळण्याआधी एबोनाइटच्या एका पेनात कानपूरची निब बसवून मागावी, आणि दुकानातच भिंगाखाली ती तपासून, सुधारून देणारा माणूस असेल तर त्याने त्या कामाचे वेगळे दोन-तीनशे रुपये मागितले तरी घासाघीस करू नये.