नाव कुणाचे?

गणपती गेले की आमच्या जोहे गावात थोडे दिवस उसंत असते. वर्षभर मूर्तींनी भरलेले कारखाने रिकामे होतात, रंगांचे डबे झाकले जातात आणि माणसांना एकमेकांकडे बघायला वेळ मिळतो. भांडणेही बहुधा याच दिवसांत निघतात. काही वर्षांपूर्वी असेच एक भांडण दिवाळीच्या तोंडावर माझ्या ओटीवर आले. मी जन्मभर शाळामास्तर. गावात मास्तराला न्यायाधीशाची जागा फुकट मिळते, आणि ती नाकारण्याइतके शहाणपण माझ्याजवळ नव्हते.

भांडण होते एका भजनी मंडळाचे. माझ्या आज्याच्या पिढीने ते काढलेले. त्या मूळच्या माणसांपैकी कुणीच आता हयात नव्हते. त्यांच्या हाताखाली तयार झालेले बुवा तेवढे उरले होते. सत्तरी उलटलेली, आवाज बारीक झालेला, पण चालीत तसूभरही फरक खपवून न घेणारा माणूस! तरुण मंडळींना माइक हवा होता, नव्या चाली हव्या होत्या, बाहेरगावच्या बाऱ्या घ्यायच्या होत्या. शब्दाने शब्द वाढला आणि बुवा दोन म्हाताऱ्या झीलकऱ्यांना घेऊन बाहेर पडले. पखवाज, पेटी आणि मंडळाचे नाव पांढऱ्या रंगात लिहिलेली पत्र्याची ट्रंक तरुणांकडे राहिली. बुवांकडे राहिल्या त्या चाली. सप्ताह जवळ आला, तेव्हा दोघांनीही एकाच नावाने आपली पाळी मागितली. आता खरे मंडळ कोणते?

मी वर्गणीची वही मागवली. वहीत ज्यांची वर्गणी चालू होती, ते सगळे तरुण होते. ज्यांची वही त्यांचे मंडळ, असा निकाल मी देऊन टाकला. बुवांनी ऐकून घेतले, टोपी सारखी केली, "बरं मास्तर," एवढेच म्हणाले आणि पायऱ्या उतरून गेले. त्या सप्ताहाला ते आले नाहीत. त्यानंतर गावाने त्यांना चारचौघांत गाताना ऐकले नाही.

निकाल वहीप्रमाणे बरोबर होता. तरीही तो मला रात्री-अपरात्री टोचत राहिला, आणि मास्तराच्या सवयीने मी त्याचे उत्तर पुस्तकांत शोधू लागलो.

हा प्रश्न आमच्या ओटीवर प्रथम उपजलेला नाही, हे तेव्हा ध्यानात आले. ग्रीक लोकांचा एक वीर थीसियस. त्याचे जहाज म्हणे अथेन्सच्या लोकांनी पुष्कळ वर्षे जपून ठेवले होते. फळी कुजली की ती काढायची आणि तिथे नवी बसवायची. प्लुटार्क सांगतो की, हे जहाज तेच की वेगळे, यावर तत्त्वज्ञांचे कधी एकमत झाले नाही. सतराव्या शतकातल्या हॉब्ज नावाच्या इंग्रजाने त्यात आणखी एक पाचर मारली. समजा, कुणीतरी त्या काढून टाकलेल्या जुन्या फळ्या गोळा केल्या आणि त्यांचेच दुसरे जहाज उभे केले, तर मूळ जहाज कोणते म्हणायचे? हे वाचले आणि मी पुस्तक मिटून ठेवले. नव्या फळ्यांच्या जहाजाला मी नाव देऊन मोकळा झालो होतो, आणि जुन्या फळ्या टोपी सारखी करून निघून गेल्या होत्या.

पण जहाजाच्या फळीला स्वतःचे मन नसते. माणसांचे मेळे तसे नसतात. म्हणून ग्रीसपेक्षा आपल्या नाटक मंडळ्यांकडे पाहणे मला अधिक उपयोगाचे वाटले. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले आणि मराठी संगीत नाटकाचे दिवस सुरू झाले. त्या पहिल्या संचात मोरोबा वाघोलीकर होते, बाळकोबा नाटेकर होते. दोन वर्षांनी 'सौभद्र' आले आणि भाऊराव कोल्हटकर सुभद्रा झाले. १८८५ साली, म्हणजे अवघ्या पाच वर्षांत, अण्णासाहेब गेले. ज्याचे नाव मंडळीला, तोच मंडळीत नाही! तरी पडदा उघडत राहिला. १९०१ साली भाऊराव गेले. आता किर्लोस्कर मंडळी संपली असे किती जणांना वाटले असेल! पण १९०५ साली नारायणराव राजहंस नावाचा एक कोवळा मुलगा मंडळीत आला आणि बालगंधर्वांचे पर्व सुरू झाले. १९११ साली 'मानापमान' आले. त्या वेळच्या प्रेक्षकाला कुणी विचारले असते की, बाबा रे, तू पाहतोस ती किर्लोस्कर मंडळी तीच का, तर तो हसला असता. तीच नाही तर काय?

मग १९१३ साल उजाडले. बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे मंडळीतून बाहेर पडले. येथे मात्र हॉब्जची पाचर खरोखरच बसली. नाव एका बाजूला राहिले, आणि लोक ज्यांच्यासाठी तिकीट काढत ते दुसऱ्या बाजूला गेले. पण बाहेर पडलेल्यांनी किर्लोस्करांचे नाव मागितले नाही. त्यांनी आपली गंधर्व नाटक मंडळी काढली. मागे उरलेल्यांनीही हाय खाल्ली नाही. त्यांच्याकडे दीनानाथ मंगेशकर आले, गाजले, आणि १९१८ साली तेही बाहेर पडून बळवंत संगीत मंडळी काढते झाले. एका घरट्यातून किती पाखरे उडावीत!

१९२१ च्या जुलैत मुंबईला टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झाले. केशवराव भोसले धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. गंधर्व मंडळी आणि ललितकलादर्श यांचा तो संयुक्त प्रयोग. दहा वर्षांपूर्वी ज्या मंडळीने हे नाटक प्रथम केले, तिचे नाव त्या प्रयोगावर नव्हते. मग त्या रात्री किर्लोस्करांची परंपरा कुठे होती? मला वाटते, ती रंगमंचावरच होती, फक्त दुसऱ्या नावाने वावरत होती.

उलट बाजूचा दाखला ललितकलादर्शचा. केशवरावांनी ती १९०८ साली हुबळीला काढली, आणि त्या संयुक्त प्रयोगानंतर तीन महिन्यांतच ते गेले. मंडळीतल्याच बापूराव पेंढारकरांनी धुरा उचलली. १९३७ साली बापूराव गेले. पुढल्या दशकात त्यांचे चिरंजीव भालचंद्र यांनी संस्था पुन्हा उभी केली, १९५७ साली 'दुरितांचे तिमिर जावो' आणि १९६० साली 'पंडितराज जगन्नाथ' रंगभूमीवर आणले. २००८ साली संस्थेने शंभरी गाठली, तेव्हाही भालचंद्र पेंढारकर हयात होते. येथे नाव तेच राहिले, माणसे सगळी बदलली, आणि त्याला कुणी खोटे म्हटले नाही.

म्हणजे नाव सोडून परंपरा चालते, तशी नाव धरूनही चालते. मग खऱ्याखोट्याची खूण कोणती?

एका दिवाळीत माझा पुतण्या मुंबईहून आला होता. कानांत यंत्र घालून तो तासन्‌तास अमेरिकन गाणी ऐकतो. मी त्याला हा घोळ सांगितला, तर तो म्हणाला, "काका, तुमच्या किर्लोस्करांसारखी आमचीही एक मंडळी आहे." तिचे नाव लेनर्ड स्किनर्ड. फ्लोरिडा राज्यातल्या जॅक्सनव्हिल गावच्या पोरांची. शाळेत लेनर्ड स्किनर नावाचे कसरतीचे मास्तर होते, ते मुलांच्या लांब केसांवरून पाठीस लागत. पोरांनी त्यांच्याच नावाची मोडतोड करून ती आपल्या बँडला लावली. मास्तराचे नाव अमर करण्याचा हा प्रकार ऐकून मला मौज वाटली. नाव मुळातच त्यांचे नव्हते!

पुढची हकीकत मात्र मौजेची नव्हती. २० ऑक्टोबर १९७७ रोजी त्यांचे विमान मिसिसिपीत कोसळले. मुख्य गायक रॉनी व्हॅन झँट, आणखी दोन साथीदार आणि तिघे इतर, अशी सहा माणसे गेली. बँड थांबला. दहा वर्षांनी उरलेले पुन्हा एकत्र आले आणि रॉनीच्या जागी त्याचा धाकटा भाऊ जॉनी गाऊ लागला. नावावरून कोर्टकचेरी झाली. पण पुतण्याने सांगितलेली एक गोष्ट माझ्या मनात रुतून बसली. त्या पहिल्या दौऱ्यात 'फ्री बर्ड' हे रॉनीचे गाजलेले गाणे आले की भाऊ ते गात नसे. मधोमध एक माइक उभा असे, त्यापाशी कुणी नाही. साथीदार नुसती वाद्ये वाजवत, आणि शब्द समोरचे लोक गात. मूळच्या संचातला शेवटचा माणूस, गॅरी रॉसिंग्टन, मार्च २०२३ मध्ये गेला. बँड त्यानंतरही चालूच राहिला.

"आता तो खरा म्हणायचा की खोटा?" मी विचारले. पुतण्या खांदे उडवून म्हणाला, "गाणं वाजलं की कळतं, काका."

कळते ते कसे, हे मला गावातल्या कारखान्यात उमगले. आमच्याकडे साच्याला तोटा नाही. साचा विकत मिळतो, मागून आणता येतो. साच्यातून निघालेली मूर्ती पोटाने, सोंडेने, बैठकीने बिनचूक असते. पण तिला डोळे नसतात. डोळ्यांची आखणी शेवटी होते आणि ती हातानेच करावी लागते. ती साच्यात येत नाही, पुस्तकात येत नाही. कुणाच्या तरी शेजारी वर्षानुवर्षे बसून, त्याची बोलणी खाऊन, शंभर डोळे बिघडवून ती हातात उतरते. दरवर्षी माती नवी, रंग नवा, आणि दहाव्या दिवशी सारे पाण्यात. तरी पुढच्या भाद्रपदात घरचा माणूस पाटावरच्या गणपतीकडे बघून म्हणतो, "आला आमचा गणपती." त्यात त्याची फसवणूक होत नाही, कारण ते डोळे कुणाकडून तरी शिकलेल्या हाताने आखलेले असतात.

नाव हा साचा आहे. तो वहीने मिळतो, वारशाने मिळतो, कोर्टातूनही मिळतो. त्यावर कुणाचा हक्क, हे ठरवायला मास्तराचे अक्षरज्ञान पुरते. पण नावाबरोबर एक कर्ज येते, आणि ते वहीत लिहिलेले नसते. ज्यांनी नावाला किंमत आणली, त्यांच्यापासून काही शिकून घ्यायचे, गेलेल्यांची जागा गेलेल्यांची म्हणून ओळखायची, आणि ऐकणाऱ्याला आपण जे नाही ते आहोत असे भासवायचे नाही. हे कर्ज फेडणाऱ्याने नाव खुशाल लावावे, मग मूळचा एकही माणूस उरलेला नसो. ज्याला ते फेडायचे नाही, त्याने मूळच्या माणसाचा सख्खा मुलगा असूनही नवे नाव शोधावे. नागसेन भिक्षूने मिलिंद राजाला दिव्याचा दृष्टांत दिला होता: पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच नव्हे, आणि वेगळीही नव्हे. मला त्यात एवढेच जोडावेसे वाटते की, दिवा रात्रभर तेवतो तो कुणीतरी जागून तेल घालते म्हणून.

मी निकाल दिला, तेव्हा नाव कुणाचे एवढेच विचारले होते. बुवांकडून कोण शिकले आणि कोणाचे शिकायचे राहिले, हे विचारायला हवे होते. तसे विचारले असते तर दोघांनाही उत्तर देणे जड गेले असते, कारण बुवांनीही शिकवताना जिभेला लगाम घातलेला नव्हता. पण दोघांना एका ओटीवर बसावे तरी लागले असते.

बुवा दोन वर्षांनी गेले. आमच्याकडे दहाव्यापर्यंत रात्री भजन असते. तिसऱ्या रात्री तरुण मंडळी आली, ती नाव लिहिलेली ट्रंक घेऊनच. अंगणात कुणी काही बोलले नाही. त्यांच्यातल्या गाणाऱ्या पोराने बुवांच्याच चालीत अभंग धरला. दुसऱ्या कडव्यापाशी तो चुकला. मागे भिंतीला टेकून बुवांचा म्हातारा झीलकरी बसला होता. त्याने डोळे न उघडताच ती ओळ बरोबर करून म्हटली. पखवाज थांबला. आता उठतात की काय, अशी मला धास्ती वाटली.

पोराने टाळ खाली ठेवले, मागे वळला आणि म्हणाला, "आबा, पुन्हा एकदा म्हणा."