कुणाचा रे तू?

फ्लॉरेन्सला मी गेलो तो आमच्या महाराजांची छत्री पाहायला. कोल्हापूरकडचा माणूस इटलीत आला म्हणजे त्याला दुसरे काही सुचणार नाही, असे माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीला वाटले, आणि ते खरेच होते. छत्रपती राजाराम महाराज विलायतेहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी या शहरी वारले. वय अवघे वीस. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीच्या नव्या राज्याची राजधानी होती. परमुलखात आपल्या रीतीने दहन करायचे तर परवानगी हवी. ती मिळाली, आणि मुन्योने नावाची लहान नदी जिथे आर्नोला मिळते त्या संगमावर चिता रचली गेली. पुढे १८७४ साली तिथे छत्री उभी राहिली.

छत्री दुपारी पाहायची होती. सकाळ मोकळी होती, म्हणून या मुलीने तीन तासांसाठी, केवळ आम्हा दोघांपुरती, एक गाईडबाई ठरवली. (मुलगी म्हणतो खरा, ती आता तिशी ओलांडून मिलानला नोकरी करते. पण मास्तरांना मुले मोठी झालेली दिसत नाहीत.) पन्नास माणसांच्या घोळक्यात आपले अज्ञान सुखाने लपून राहते. गाईड आपल्या एकट्यासाठीच असला, की आपण पहिल्या बाकावर बसलेले विद्यार्थी होतो. जांभई देण्याचीही सोय राहत नाही. माझे इंग्रजी मॅट्रिकपुरते, बाई इटालियनमध्ये रंगणाऱ्या. मध्ये ही मुलगी. सारे संभाषण असे दोन ओंजळींतून पाणी यावे तसे माझ्यापर्यंत येत होते.

बाईंनी पहिला प्रश्न विचारला, तुम्ही काय करता? मी शाळामास्तर आहे, कादंबऱ्याही लिहितो, असे कळल्यावर त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, मग आज चित्रे कमी पाहू.

मोठ्या देवळापासून सेर्व्ही नावाचा एक सरळ रस्ता निघतो. मागे वळून पाहिले, की रस्त्याच्या तोंडाशी तो प्रसिद्ध तांबडा घुमट आभाळ अडवून उभा. पुढे रस्ता संपतो तिथे एक चौक, आणि चौकाच्या उजव्या अंगाला पायऱ्या चढून एक ओवरी. नऊ कमानी. राखी दगडाचे सडपातळ खांब, मागे पांढरी भिंत. ज्या ब्रुनेलेस्कीने तो घुमट बांधला त्यानेच १४१९ साली ही ओवरी बांधायला घेतली. खांबाची उंची, दोन खांबांमधले अंतर आणि ओवरीची खोली ही तिन्ही मापे एकच ठेवलेली. त्यामुळे खाली उभ्या राहिलेल्या माणसाला आपण नीट मापून कापलेल्या हवेत उभे आहोत असे वाटते. कमानींच्या मधोमध निळ्या गोलांत पांढरी, चकाकत्या मातीची तान्ही बाळे. छातीपर्यंत बाळोत्यात घट्ट गुंडाळलेली, हात मात्र मोकळे. आंद्रेआ देल्ला रोब्बियाचे हे काम १४८७ च्या सुमाराचे.

हा कुणाचा वाडा, मी विचारले.

कुणाचाच नव्हे, बाई म्हणाल्या. हे टाकलेल्या मुलांचे घर.

फ्लॉरेन्सच्या रेशीमवाल्यांच्या पेढीसंघाने हे घर बांधले. त्याला नाव दिले 'इन्नोचेंती', म्हणजे निष्पाप. हेरोद राजाने बेथलेहेमात जी तान्ही बाळे मारवली त्यांच्या स्मरणार्थ. १४४५ च्या जानेवारीत दार उघडले आणि ५ फेब्रुवारीला पहिले मूल आले. मुलगी होती. त्या दिवशी संत आगाताचा सण होता, म्हणून तिचे नाव आगाता ठेवले आणि पुढे स्मेराल्दा जोडले, म्हणजे पाचू. बापाच्या नावाची जागा एका रत्नाने भरून काढली. आरंभीच्या काळात येणाऱ्यांत मुलीच अधिक असत. बाईंनी हे सांगितले तेव्हा आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. यात आम्हाला भाषांतर लागले नाही.

ओवरीच्या डाव्या टोकाला भिंतीत जाळी बसवलेली एक खिडकी आहे. रात्री कुणी यावे, जाळीतून मूल आत सरकवावे आणि निघून जावे. गज अशा मापाचे, की नुकते जन्मलेले मूलच आत जाईल, थोराड नाही. आतल्याने बाहेरच्याचे तोंड पाहायचे नाही, हा नियम. ही वाट १८७५ साली बंद झाली, तसे तिथल्या शिलालेखात सांगितले आहे.

मी त्या खिडकीपुढे बराच वेळ उभा राहिलो. का, ते सांगायचे तर मला आमच्या शाळेत यावे लागेल.

आमच्याकडे खेड्यात अनोळखी पोर दिसले, की पहिला प्रश्न 'कुणाचा रे तू?' त्यात वाईट हेतू नसतो. म्हातारी माणसे हा प्रश्न विचारता विचारता पोराच्या हातावर गूळ-शेंगदाणेही ठेवतात. कुणाचा ते कळले, की त्याला कुठल्या घरी पोचवायचे, कुणाच्या नावाने रागवायचे, सारे ठरते. हा प्रश्न म्हणजे आमच्या समाजाचे अंगण आहे. पण अंगणाला कुंपणही असते. वीस-बावीस वर्षांपूर्वी, जूनमध्ये, नव्या वर्गाचा पट भरत असताना मी एका मुलाला म्हटले, पूर्ण नाव सांग. त्याने आपले नाव सांगितले आणि मामाचे आडनाव. मी म्हटले, मधले? तो गप्प. मी आवाज चढवला, 'बापाचे नाव काय रे? कुणाचा तू?' वर्ग हसला. मुलाने पाटीकडे पाहावे तसे आपल्या तळहाताकडे पाहिले. श्रावण लागला तेव्हा तो यायचा थांबला. मी मामाच्या घरी गेलो. पोरगे निपाणीकडे कुणाकडे तरी कामाला गेले, इतकेच कळले. मी परत आलो आणि हजेरीपटावर तांबड्या शाईने रेघ ओढली.

आता तो रकाना बदलला आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे महाराष्ट्रात आधी आईचे नाव लागते, मग बापाचे. चांगले झाले. पण प्रश्न रकान्याचा नव्हता, माझ्या आवाजाचा होता.

त्या खिडकीपुढे उभे असताना मला प्रथम वाटले ते असे, की दया खरी असेल तर ती नाव विचारत नाही. पण असले वाक्य सुचले, की कादंबरीकाराने सावध व्हावे. बाईंनी मला फार वेळ भारावू दिले नाही. त्या म्हणाल्या, हे घर ज्याच्या पैशाने सुरू झाले तो दातीनी माहीत आहे? फ्रांचेस्को दातीनी हा जवळच्या प्रातो गावचा मोठा व्यापारी. १४१० साली मरताना त्याने अनाथ बाळांच्या घरासाठी एक हजार सोन्याचे फ्लोरिन ठेवले. त्याची एकुलती लेक जिनेव्रा ही घरातल्या एका गुलाम स्त्रीच्या पोटी झालेली. त्याच्या निपुत्रिक बायकोने तिला वाढवले. त्या काळी फ्लॉरेन्सच्या सधन घरांत विकत घेतलेल्या गुलाम स्त्रिया असत, आणि या घरात येणाऱ्या कितीतरी मुलांच्या आया त्याच होत्या. म्हणजे खिडकीच्या आत दान देणारे हात आणि खिडकीच्या बाहेर मूल पाठवणारे हात कधी कधी एकच असतील. नाव न विचारण्यात आईची अब्रू राखली जाई हे खरे, पण बापाचीही राखली जाई. किंबहुना त्याचीच अधिक. आणि ओवरी इतकी सुंदर असूनही आत आलेली पुष्कळ मुले जगली नाहीत. गावोगावच्या दायांकडे दूध पाजायला धाडलेली तान्ही मुले उन्हाळ्यात पटापट जात. सुंदर खांबांना हेही माहीत आहे.

मग विचारावे की न विचारावे? आमच्याकडे हा प्रश्न पुस्तकी नव्हता. १८६३ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, तेव्हा विधवांनी गुपचूप येऊन बाळंत व्हावे, मूल न्यावे की ठेवावे हे त्यांच्या मर्जीवर, असे जाहीर केले. तिथे मोकळी झालेल्या काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला, त्याला आपले नाव दिले. तो यशवंत डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाईंबरोबर रोग्यांच्या शुश्रूषेला उभा राहिला. ज्या १८७५ साली फ्लॉरेन्सची खिडकी बंद झाली, त्याच साली लालशंकर उमियाशंकरांनी पंढरपूरला असेच काम सुरू केले. एकीकडे दार मिटले ते, फार सोपे दार असले की लोक मुले टाकायला सोकावतात, या विचाराने. दुसरीकडे उघडले ते, दार नसले की चंद्रभागेच्या वाळवंटात काय सापडते हे पाहून. दोन्हीकडची माणसे शहाणीच होती.

आणि आईची लाज राखायची म्हणून मुलाचे मूळ पुसून टाकायचे, हा अधिकार कुणी कुणाला दिला? संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या करारात, आपले आईबाप कोण हे शक्यतोवर जाणून घेण्याचा मुलाचा हक्क मान्य केला आहे. इटलीत मात्र आजही बाई इस्पितळात बाळंत होऊन आपले नाव न देता जाऊ शकते. आमच्याकडेही काही अनाथाश्रमांच्या दाराशी पाळणा असतो. त्या पाळण्यात वाकून पाहणाऱ्या कोणाही माणसाला विचारा, त्याला दोन्ही बाजू खऱ्या वाटतील. मलाही वाटतात. ज्या महाराजांच्या छत्रीसाठी मी आलो ते स्वतः दत्तक. पाटणकरांच्या घरातून कोल्हापूरच्या गादीवर आलेले. गादीसाठी दत्तक घेताना आपण कुळ, मूळ, सारे तपासतो, आणि मगच मूल 'आमचे' होते. पाचूचे नाव मिळालेल्या त्या पोरीजवळ तपासायला काही नव्हते.

आत संग्रहालय आहे. घिरलांदायोचे मोठे चित्र आहे; त्यात राजे बाळाला वंदन करताहेत आणि पुढ्यात दोन लहान मुले गुडघे टेकून बसली आहेत, त्यांच्या अंगावर जखमा आहेत. ते मी घाईने पाहिले. खरे पाहिले ते लहान लहान खण. खण ओढला, की काचेखाली एक वस्तू. मुलाच्या गळ्यात किंवा बाळोत्यात सापडलेली. एखादा मणी, एखादा क्रूस, आणि पदके. त्यांतली कित्येक मधोमध कापलेली. अर्धे मुलाबरोबर, अर्धे आईजवळ. कधी दिवस पालटले तर तिने यावे, अर्ध्याला अर्धे लावावे आणि कडा जुळली तर मूल मागून घ्यावे. असे थोड्याच मुलांच्या वाट्याला आले.

एवढा वेळ मी जे शोधत होतो ते या कापलेल्या कडेत मला दिसले. इथे नाव सांगितलेले नाही आणि पुसलेलेही नाही. 'कुणाचा?' हा प्रश्न जिवंत ठेवला आहे; फक्त तो विचारण्याचा अधिकार ज्याच्याजवळ दुसरा तुकडा आहे त्यालाच. बाकीच्यांनी दूध पाजावे, अक्षर शिकवावे आणि गप्प राहावे. माझ्याजवळ कुठला तुकडा होता? तांबड्या शाईचा टाक. त्याहून वाईट म्हणजे, पुढे मी त्या मुलावर कादंबरी लिहिली आणि शेवटच्या प्रकरणात त्याला बाप मिळवून दिला. वाचकांना ते प्रकरण फार आवडले. मुलाला न विचारता मी दुसऱ्यांदा त्याचा रकाना भरला होता.

इतके कळूनही माणूस बदलत नाही. इन्नोचेंती, देल्यिन्नोचेंती ही आडनावे या मुलांवरून पडली, ती आजही इथे सर्रास आहेत, असे बाई सांगत होत्या आणि मी पटकन विचारले, तुमच्या घराण्यात कुणी होते का हो? मुलीने भाषांतर करायला जरा वेळ घेतला. बाई हसल्या. म्हणाल्या, असेलही, फ्लॉरेन्समध्ये छातीवर हात ठेवून नाही कोण म्हणेल? मग त्यांनी तो खण हलकेच आत लोटला.

मुलगी खणांपाशीच उभी होती. ती म्हणाली, "सर, तो आपल्या वर्गातला... कादंबरीतला. त्या दिवशी मीही हसले होते."

ती त्याच वर्गात होती, हे मी विसरलो होतो असे नाही. तिलाही ते आठवत असेल, हे मात्र माझ्या कधी मनात आले नव्हते. मी काहीच बोललो नाही. बाईंना मराठी कळत नव्हते, पण त्या शहाण्या. घड्याळ पाहून म्हणाल्या, अजून पंधरा मिनिटे आहेत, काय दाखवू? आम्ही म्हटले, आता काही नको.

दुपारी आर्नोच्या काठाकाठाने झाडीतून लांब चालत गेलो. छत्रीखाली महाराजांचा अर्धपुतळा आहे, पागोटे घातलेला, तरुण. मी पायातले काढून नमस्कार केला. मुलीने थोडी फुले आणली होती. परतताना ती म्हणाली, "सर, त्याच्या मामाचे गाव कुठले? माझा भाऊ मे महिन्यात गावी येणार आहे, तो शोधून काढील. आपण निदान त्याची क्षमा तरी मागू." मी म्हटले, आठवून कळवतो.

गाव मला आठवते आहे. वेस, पिंपळ, मामाच्या घराचे निळे दार, सगळे आठवते. पण तो आता चाळिशीकडे झुकला असेल. त्याची बायको असेल, मुले असतील, त्याने आपल्या नावाचे काय केले असेल ते त्याने केलेच असेल. त्याच्या दारात जाऊन 'तोच ना तू?' असे विचारायचे, ते त्याच्यासाठी की माझ्यासाठी? मुलीचा निरोप दोनदा येऊन गेला, गावाचे नाव लवकर कळवा म्हणून. मी अजून कळवलेले नाही.