घेणारा राजी असला म्हणून?

अमेरिकेच्या वॉल स्ट्रीटवर निघालेल्या चित्रपटांमध्ये २०११ सालचा ‘मार्जिन कॉल’ सगळ्यांत कमी आवाजाचा आणि सगळ्यांत अवघड आहे. त्यातला पेच एका वाक्यात सांगता येतो. हातातला माल कवडीमोलाचा आहे हे मला कळून चुकलंय. तो आजच्या बाजारभावाने, राजीखुशीने घेणाऱ्याला मी विकावा का? राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झालेली आत्या आणि खासगी बँकेत ठेवीदारांना गुंतवणुकीच्या योजना विकणारा तिचा भाचा यांच्यातला हा संवाद याच पेचावर आहे.

भाचा : आत्या, मला सॅम रॉजर्सची बाजू पटते. तुला पटणार नाही हे ठाऊक आहे.

आत्या : आधी बाजू नीट मांड, मग बघू.

भाचा : न्यूयॉर्कमधली मोठी गुंतवणूक बँक. जोखीम मोजणाऱ्या एरिक डेलला कामावरून काढतात. जाता जाता तो लिफ्टपाशी हाताखालच्या पीटरच्या हातात पेन ड्राइव्ह ठेवतो. पीटर रात्री आकडेमोड पुरी करतो आणि हादरतो. बँकेने साठवलेल्या गृहकर्जाच्या रोख्यांचा भाव २५ टक्क्यांनी पडला, तर तोटा अख्ख्या बँकेच्या किमतीहून मोठा होणार. रात्रभर बैठका चालतात. सर्वेसर्वा जॉन टल्ड ठरवतो, की सकाळी बाजार उघडला की कुणाला सुगावा लागायच्या आत सगळं विकून मोकळं व्हायचं. सॅम विक्री विभागाचा प्रमुख. तो विरोध करतो, पण सकाळी तोच आपल्या माणसांपुढे उभा राहतो. आता बघ, विकलं नसतं तर बँक बुडाली असती आणि हजारोंच्या पोटावर पाय आला असता. घेणारेही कोण, तर बाजारात मुरलेले लोक. जबरदस्ती नाही, भाव बाजाराचाच. यात चोरी कुठे झाली?

आत्या : घेणारा राजी होता म्हणतोस. कशाला राजी होता?

भाचा : भावाला.

आत्या : आणि तो भाव कशावर ठरला होता? कालपर्यंत सगळ्यांना जे ठाऊक होतं त्यावर. रात्री जे कळलं ते एकाच बाजूला ठाऊक होतं. फोनवर विकणारा हसतखेळत बोलतोय आणि पलीकडचा आपल्या नेहमीच्या ओळखीवर विसंबून ‘घेतो’ म्हणतोय. त्याने होकार दिला तो एका मालाला, त्याच्या पदरात पडला दुसराच. असल्या होकाराची ढाल करता येत नाही.

भाचा : पण दुसऱ्यापेक्षा आपल्याला जास्त कळावं म्हणून तर बाजारात प्रत्येक जण धडपडतो. ‘द बिग शॉर्ट’ सिनेमातला मायकेल बरी घे. खराखुरा माणूस आहे. २००५ पासून तो गृहकर्जं बुडणार यावर पैसे लावत गेला आणि लोकांची घरं गेली तेव्हा त्याने कमावलं. त्याला लोभी म्हणशील?

आत्या : नाही म्हणणार. कर्जांची ती जाडजूड कागदपत्रं ज्याला हवी त्याला वाचता येत होती. याने बसून वाचली. शिवाय ज्या बँकांशी त्याने करार केले त्यांना तो कुठल्या बाजूला उभा आहे हे स्वच्छ दिसत होतं. त्यांना तो वेडा वाटला, ही त्यांची समज. तरी त्याच सिनेमातला लास व्हेगासचा प्रसंग आठव. सौदे जमले म्हणून दोन तरुण पोरं नाचायला लागतात, आणि त्यांना मदत करणारा बेन रिकर्ट त्यांना दटावतो. आपलं खरं ठरलं तर लोकांची घरं, नोकऱ्या, म्हातारपणची पुंजी जाणार, याची तो आठवण करून देतो. कमाई गैर नसली तरी ती कुणाच्या दुःखातून आली याचं भान सुटता कामा नये.

भाचा : म्हणजे जास्त माहीत असणं हा दोष नव्हे?

आत्या : मुळीच नव्हे. जो तुझ्या शब्दावर विसंबलाय त्याच्यापासून ते लपवणं हा दोष. पडद्याबाहेरचं उदाहरण देते. गोल्डमन सॅक्सने २००७ मध्ये ‘अबॅकस’ नावाची रोख्यांची योजना विकली. त्यातली कर्जं निवडण्यात जॉन पॉलसन यांच्या फंडाचा हात होता, आणि हाच फंड ती कर्जं बुडण्यावर पैसे लावून बसला होता. घेणाऱ्यांना याची कल्पना दिली गेली नाही. २०१० मध्ये बँकेने ५५ कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवलं आणि माहिती अपुरी दिली ही चूक झाली, असं मान्य केलं. तिथेही घेणारे मुरलेलेच होते. मुरलेल्यांना फसवलं तर चालतं, असा कायदा नाही आणि नीतीही नाही.

भाचा : मग सॅमने काय करायचं? राजीनामा देऊन घरी बसायचं? तुकोबांनी सावकारीची खतं इंद्रायणीत बुडवली असं सांगतात. पण त्यातली निम्मी त्यांनी भावाच्या, कान्होबाच्या हवाली केली होती. बुडवला तो फक्त आपला वाटा. सॅमच्या मागे मजलाभर माणसं होती. त्यांचा वाटा बुडवायचा हक्क त्याला कुणी दिला?

आत्या : हा मात्र खरा प्रश्न आहे. दुसऱ्याच्या भाकरीवर आपलं पुण्य उभारू नये, हे मला मान्य. पण याच गोष्टीवरून मीही विचारते. आपली माणसं वाचवायला परक्याचा वाटा बुडवायचा हक्क तरी कुणी दिला? आणि माणसं वाचली का? सकाळी सॅम सांगतो, आपल्याकडचा ९३ टक्के माल विकलात तर प्रत्येकी १४ लाख डॉलर, आणि सगळ्या मजल्याने तेवढं गाठलं तर आणखी १३ लाख. रात्री टल्डला त्यानेच बजावलेलं असतं, की ज्यांना हे विकाल ते पुन्हा तुमच्या दारात उभे राहणार नाहीत. दिवस संपतो, आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणांची नोकरी जाते. म्हणजे पोट वाचलंच नाही. पत विकली गेली, आणि ती एकदाच विकता येते.

भाचा : पण सॅम मला लोभी दिसत नाही. मरायला टेकलेल्या कुत्र्यासाठी रडणारा माणूस आहे तो.

आत्या : म्हणूनच त्याच्याकडून शिकायला मिळतं. ‘वॉल स्ट्रीट’मधला गॉर्डन गेको लांबून ओळखू येतो. भर सभेत तो लोभाचं गुणगान गातो. तो सिनेमा १९८७ चा. त्याच्या आदल्या वर्षी आयव्हन बोस्की या खऱ्या सटोडियाने बर्कलीच्या विद्यार्थ्यांना लोभ चांगला असतो असं सांगितलं होतं, आणि त्याच वर्षी आतल्या माहितीवर सौदे केल्याबद्दल त्याला १० कोटी डॉलर भरावे लागले. दिग्दर्शक ऑलिव्हर स्टोन यांचे वडील लुई स्टोन शेअर दलाल होते. सिनेमा त्यांनाच अर्पण केलाय. दिग्दर्शकाने इशारा दिला, पण पोरं गेकोवरच भाळली. तुमच्यामुळे या धंद्यात आलो, असं सांगणारे तरुण गेकोची भूमिका करणाऱ्या मायकेल डग्लस यांना वर्षानुवर्षं भेटत राहिले. शेवटी २०१२ मध्ये एफबीआयच्या जाहिरातीत येऊन त्यांना सांगावं लागलं, की गेको काल्पनिक होता, गुन्हा खरा आहे. ‘मार्जिन कॉल’ काढणाऱ्या जे. सी. चँडॉर यांचे वडीलही मेरिल लिंच या गुंतवणूक पेढीत नोकरीला होते. म्हणून असेल, त्यांच्या सिनेमात राक्षस नाही. घरच्यासारखी माणसं आहेत, आणि त्यांचा लोभ गरज म्हणून वावरतो.

भाचा : गरज म्हणून?

आत्या : सगळं आटोपल्यावर सॅम टल्डकडे जातो, मला मोकळं करा म्हणतो. टल्ड सांगतो, दोन वर्षं थांब. सॅम थांबतो, कारण त्याला पैसे हवेत. इतकी वर्षं गलेलठ्ठ पगार घेतलेला माणूस हे बोलतो! सॅमच्या हाताखालचा विल एमर्सन पोरांना हिशोब सांगतो ते आठव. वर्षाला २५ लाख डॉलर मिळाले. मग कर, घराचा हप्ता, गाडी, कपडे, हॉटेलं, आईवडिलांना पाठवलेले. बाजूला पडले ते जेमतेम चार लाख. आवक वाढत गेली तसा खर्च वाढला, आणि ‘नाही’ म्हणायची ऐपत कमी होत गेली.

भाचा : तू कुठे येतेयस ते कळतंय मला. हप्ता माझ्याही डोक्यावर आहे. परवा एका काकांची एफडी मॅच्युअर झाली. वरून विमा योजनेचं टार्गेट आहे. सोमवारी सही करायला येतायत ते.

आत्या : वय?

भाचा : बहात्तर.

आत्या : पैसे परत कधी मिळणार?

भाचा : पाच वर्षं हप्ता भरायचा, दहाव्या वर्षी मिळणार. मध्ये मोडली तर बराच तोटा. सगळं फॉर्मवर छापलेलं आहे.

आत्या : ते फॉर्म वाचायला येतायत, की तुला विचारायला?

भाचा : मला विचारायला. पण मी नाही विकली तर शेजारच्या टेबलावरचा विकेल.

आत्या : विकेल कदाचित. त्याचं त्याच्यापाशी. तुझ्यापुढे प्रश्न तुझ्या हातून काय होतं एवढाच आहे.

भाचा : तुला बोलायला सोपं आहे, आत्या. तुझ्या काळी असली टार्गेट्स नव्हती.

आत्या : नव्हती. ते माझं पुण्य नव्हतं, तेव्हाची व्यवस्था तशी होती. म्हणून तर राजीनामा दे म्हणत नाही. सोमवारी फॉर्म बाजूला ठेव आणि तोंडाने सांग, की पैसे कधी हातात येतील, मध्ये मोडलं तर किती जातील आणि बँकेला यात कमिशन आहे. एवढं ऐकून त्यांनी घेतली तर तो खरा होकार. आणि घरी सहा महिन्यांचा खर्च नि हप्ते बाजूला पडेपर्यंत नवं कर्ज काढू नकोस. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे आपण पोरांना काटकसरीसाठी सांगतो. नोकरीत ताठ उभं राहायलाही तेच लागतं. सॅम टल्डच्या तोंडावर स्पष्ट बोलला, धैर्य होतं त्याच्याकडे. नकार दिल्यावर जगायची सोय नव्हती.

भाचा : आणि खरं सांगून काका निघून गेले, टार्गेट चुकलं, वरच्यांनी मला काढलं तर?

आत्या : तर नुकसान होईल. ते मी नाकारत नाही. पण तुझ्या वयाला ते भरून काढता येईल, बहात्तराव्या वर्षी येणार नाही. तोटा दोघांपैकी एकाला सोसायचाच असेल, तर ज्याला सगळं ठाऊक होतं त्याने सोसावा. तुकोबांनी आपला वाटा बुडवला म्हणालास ना? मग आपलाच बुडवावा, दुसऱ्याचा नव्हे.

भाच्याची अडचण खोटी नाही. टार्गेट लावणाऱ्यांचा दोष टेबलावरच्या माणसाहून मोठा आहे, आणि तो त्यांच्या पदरात घातलाच पाहिजे. तरीही माझा कौल आत्याच्या बाजूने आहे. भरपूर पैसा कमावणं म्हणजे लोभ नव्हे. समोरच्याला अंधारात ठेवल्याशिवाय जो पैसा मिळालाच नसता, तो घेणं म्हणजे लोभ. मग ते २७ लाख डॉलर असोत की महिन्याचा इन्सेंटिव्ह. विकणाऱ्यांनी एवढंच करावं, की स्वतःच्या आईला जे सांगू ते ग्राहकाला सांगावं. आणि घेणाऱ्यांनी सहीआधी तीन गोष्टी तोंडी विचाराव्यात: पैसे कधी मिळतील, मध्ये मोडलं तर किती जातील, यात तुम्हाला काय मिळतं? सही होऊन गेली असली तरी नवी विमा पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत परत करता येते, आणि थोडा खर्च वजा जाता भरलेले पैसे परत मिळतात.